जेटवरचा आकडा

चार वाजता प्राचार्याबाई येणार होत्या आणि पावणेदोनला मोटरसायकल पुन्हा मेली.

थोरलीनं ते मरण फाटकाबाहेरूनच ऐकलं. बसमधून उतरून ती कोपऱ्यावर वळली तेव्हा इंजिन चालू होतं. संथ, जाड, पोटभर खाल्लेलं जनावर रवंथ करतं तसं. मग कुणीतरी मूठ पिळली. आवाज चढला, अर्ध्यावर आला, आणि तिथं घास अडकावा तसा भकभकला, दोनदा खोकला आणि गप्प झाला. पाठोपाठ मधल्या भावाची शिवी आली. तिच्या पाठोपाठ भिंतीवरून काळा धूर.

खाली बरी, वर गुदमरते, थोरलीच्या मनात आलं. जास्त पितेय.

गाडी अजून दिसलीही नव्हती. कुणी माणसं पावलांवरून ओळखतं, ही इंजिनं खोकल्यावरून ओळखायची. त्या विद्येचा तिला आयुष्यात काडीचा उपयोग झाला नव्हता, हा भाग वेगळा.

फाटकाची कडी तिनं तीन वर्षांनी उघडली. तीन वर्षांपूर्वी याच अंगणात एका गिऱ्हाईकाला ती सहज बोलून गेली होती, "तुमचा कार्बोरेटर मीच जुळवलाय हो." खरं तेच बोलली होती. पण वस्तादांनी हातातला पाना फरशीवर आपटला आणि चार माणसांत सांगितलं, "तू घरी जा." बाप सगळ्या गल्लीचा वस्ताद, तो बोलला की संपलं. ती घरी गेली ती गेलीच. शिलाई मशीनं दुरुस्त करायचं तिचं स्वतःचं छोटं दुकान होतं, कुणाच्या दारात जायची गरज नव्हती. पण आज सकाळी मधल्याचा फोन आला. "ताई, पाच दिवस झाले गं. बाबा काल जेवले नाहीत." आणि थोरलीनं दुकानाला कुलूप लावलं. लावताना स्वतःलाच म्हणाली, जा, जा, अक्कल गहाण ठेवलेलीच आहे, आता व्याज भरून ये.

अंगणातल्या शेडमध्ये मोटरसायकल स्टँडवर उभी होती. वस्तादांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, आणि त्यांच्यापेक्षा बरीच धडधाकट. सोमवारी ती तंत्रशाळेत जायची होती. दर्शनी दालनात काचेमागं गाडी, शेजारी वस्तादांच्या नावाची पाटी. पण बाईंची एक अट होती. मेलेली गाडी त्यांना नको होती. चालू असेल, मुलांना आवाज ऐकवता येईल, तरच. तो आवाज ऐकायला त्या आज चारला येणार होत्या.

"आलीस?" मधला स्टुलावरून उठला. कोपरापर्यंत काळा झालेला, डोळे तांबारलेले. "बस ना. पाणी आणू?"

"पाणी नको. प्लग काढ."

"अगं, आल्या आल्या—"

"प्लग काढ."

त्यानं प्लग काढून तिच्या हातात दिला. तव्याचं बूड परवडलं असतं. तिनं अंगठा फिरवला. काजळी कोरडी, पिठासारखी.

"काय काय केलंत?"

"सगळं केलं. फ्लोट नवीन टाकला. सुई एक खाच खाली घेतली, नाही जमलं, वर घेतली. एअर स्क्रू दीड आटे, दोन आटे, अडीच. कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला. पेट्रोलसुद्धा बदललं."

"बायको तेवढी राहिली," मधल्याची बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "ती शनिवारी बदलणार होते."

"तू गप गं."

"गपच आहे. पाच दिवस गपच आहे. या ताई. बारीक झालात."

शेडच्या दुसऱ्या टोकाला धाकटा उभा होता. परगावी मोठ्या कंपनीत होता, घरात सगळे त्याला साहेब म्हणायचे. टोमणा म्हणून सुरू झालेलं ते नाव त्याला मनापासून आवडायचं. प्राचार्याबाई, पाटी, फोटो हे सगळं त्यानंच जमवलं होतं. त्यानं थोरलीला वाकून नमस्कार केला. शर्टाला डाग लागणार नाही इतपत.

"ताई, बरं झालं आलीस. दोन तास आहेत आपल्याकडे."

‘आपल्याकडे’ हा शब्द थोरलीनं ऐकून बाजूला ठेवला. "जेट कुठला आहे आत?"

"नवीन," मधला म्हणाला. "जुना जरा झिजल्यासारखा वाटत होता, म्हटलं गाडी शाळेत जातेय, तर नवाच टाकू. आकडा तोच बघून आणला हां. एकशे ऐंशी."

"जुना?"

"टाकला. परवा भंगारवाला आला होता, त्यात गेला."

थोरली स्टुलावर बसली. कार्बोरेटरच्या पोटात पितळेची एक घुंडी असते, हरभऱ्याएवढी, तिच्या मधोमध केसाएवढं भोक. मूठ पुरती पिळली की इंजिनाला किती पेट्रोल मिळायचं, ते त्या भोकावर. तिला जेट म्हणतात, आणि भोक केवढं ते सांगणारा आकडा तिच्या डोक्यावर ठोकलेला असतो. जगभरात असतो. फक्त या घरात तो आकडा म्हणजे शुद्ध थाप होती. आणि ते दोघांनाच ठाऊक होतं. एक आत खिडकीपाशी आरामखुर्चीत बसला होता आणि पाच दिवस तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

ते तिला आता लागलं. बापाला कळलं नसेल असं होणारच नाही. हात गेले, नजर गेली, पण म्हाताऱ्याचे कान शाबूत होते. पहिल्याच खोकल्याला त्याला कळलं असणार. तरी त्यानं पोरांना पाच दिवस कॉइली आणि कंडेन्सर बदलू दिले. का, तर सांगितलं की मग पुढचंही सांगावं लागणार.

"मला कळलंय काय झालंय ते," ती म्हणाली. "जुळवून देते. पण माझी एक अट आहे."

धाकट्यानं मधल्याकडे पाहिलं.

"बाई आल्या की बाबांनी त्यांना सांगायचं. चाळीस वर्षं या दुकानातले कार्बोरेटर कुणी जुळवले ते. एवढंच. हार नको, पाटी नको. एक वाक्य."

"ताई," धाकटा मऊ आवाजात म्हणाला, "ही वेळ आहे का?"

"मग कधी असते रे ती? मला कळव, मी त्या वेळी येते."

"अगं, पाटी बनून तयार आहे. बाईंनी सगळं छापून घेतलंय. बाबांचं वय काय, तब्येत काय... आपण घरातल्या घरात तुझा सत्कार—"

"घरातल्या घरात झालंय सगळं. चाळीस वर्षं घरातल्या घरातच झालंय."

मधला खाली बघत चिंधीनं बोटं पुसत होता. पुसून काही निघत नव्हतं. "मला मान्य आहे," तो म्हणाला. "बरोबर बोलतेय ती. तुला नाही माहीत साहेब, तू शाळेत होतास. मी बघितलंय. आईनं पीठ मळायचं थांबवायचं आणि टेबल हिला द्यायचं. बाबा पिशवी उलटी करायचे. तीन-तीन कार्बोरेटर. सकाळी जुळलेले घेऊन जायचे."

थोरलीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. हा कधी बोलेल असं तिला वाटलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तो पाना आपटला तेव्हा हा दोन हात अंतरावर उभा होता आणि टायरची हवा तपासत होता.

"सांगीन," आतून आवाज आला.

सगळे वळले. खिडकीच्या गजांमागं वस्तादांचं पांढरं डोकं दिसत होतं. मांडीवर दोन्ही हात, पिंजऱ्यातल्या पाखरांसारखे थरथरत.

"सांगीन म्हटलं ना. आधी गाडी बघ."

आणि थोरलीनं, चोपन्न वर्षांच्या बाईनं, घाईघाईनं पाना उचलला.

वस्तादांची खुर्ची शेडमध्ये आणली. मग थोरलीनं भावांना ती गोष्ट सांगितली. फार पूर्वी दुकानातला एक हुशार कारागीर सगळ्या जेटचे आकडे तळहातावर लिहून घेऊन गेला आणि समोरच्याच रस्त्यावर दुकान थाटून बसला. त्यानंतर वस्तादांनी एकाही जेटचा आकडा खरा ठेवला नाही. जेटमध्ये कथील भरायचं, भोक बुजवायचं, आणि हवं तेवढं नवं पाडायचं. डोक्यावर एकशे ऐंशी, आत दीडशेच्या आसपास. चोरायचे त्यांनी आकडे खुशाल चोरावेत.

"म्हणजे तुम्ही नवा टाकलात तो खरा एकशे ऐंशी आहे," ती म्हणाली. "हिला सवय कमी पेट्रोलची. मूठ पिळली की गुदमरते."

मधला बापाकडे बघत राहिला. "मला का नाही सांगितलंत बाबा? अकरा वर्षं दुकान मी चालवतोय."

"तू तेव्हा गरम डोक्याचा होतास. उद्या भांडून वेगळं दुकान टाकलं असतंस तर?"

"आणि ताईला सांगितलंत ते?"

वस्तादांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी खरंखुरं आश्चर्य वाटून त्याच्याकडे पाहिलं. "तिला सांगायला काय झालं? ती मुलगी."

मधल्याची बायको फस्सकन हसली, पण त्या हसण्यात हसू नव्हतं. थोरलीला ते नवीन नव्हतं. तिला कळायला लागलं तेव्हापासून माहीत होतं, की तिच्यावर टाकलेला तो विश्वास नव्हता. माणूस भिंतीसमोर कपडे बदलतो, भिंतीवर विश्वास असतो म्हणून नव्हे.

"बारीक ड्रिलांचा डबा कुठंय?" तिनं विचारलं. "लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या काड्या."

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं.

"त्या होय," बायको म्हणाली. "त्यांनी मी शेगडीची भोकं साफ करते."

"अगं देवा."

"मला कुणी सांगितलं होतं का? मीही बाईच ना. थांबा, आणते."

ठोकळा आला. सात भोकं, सहा काड्या. नेमकी डावीकडून तिसरी नव्हती. तीच हवी होती. मग स्वयंपाकघरात शोधाशोध. ओट्याखाली, डब्यांमागं, मोरीत. धाकटासुद्धा बाह्या सरसावून जमिनीवर उपडा झाला आणि फ्रिजखालून फुंकणीनं कचरा ओढत राहिला. शेवटी बायकोलाच आठवलं; स्टीलच्या घासणीत अडकली होती. थोरलीनं ती उजेडात धरली, नखावर टेकवून पाहिली. बोथटली होती, वाकली नव्हती. तीन वाजले होते.

मग सगळे शेडमध्ये परतले. थोरलीनं नवा जेट तापवून त्यात कथील सोडलं, गार होऊ दिलं. पितळी दांडीच्या टोकात काडी आवळली आणि जेट अंगठ्याच्या चिमटीत धरून हातानंच फिरवायला लागली. मशीन चालत नाही या कामाला. मशीनला दया नसते.

"वाकडी जातेय," वस्ताद म्हणाले.

"नाही जात."

"डावीकडे घे."

"बाबा, तुम्हाला दिसतंय का?"

"ऐकू येतंय."

तिनं केसभर डावीकडे घेतलं. म्हातारा बरोबर होता. काडीचा आवाज बदलला, कथलाची चांदीची शेव निघायला लागली. तिच्या नकळत ती श्वास रोखून होती, आणि शेजारी तिच्या बापानंही रोखलेला होता. आईच्या टेबलावर दिव्याखाली दोघं असेच बसायचे. त्या वेळी तो तिचा बाप असायचा, सकाळी दुकानात गेला की वस्ताद व्हायचा. आयुष्यभर तिनं त्या दोन माणसांना एकच समजण्याची चूक केली होती.

तिनं जेट ओठांना लावून फुंकला. बारीक शीळ आली.

"दे," वस्ताद म्हणाले. त्यांचा हात थरथरत होता म्हणून तिनंच त्यांच्या ओठांशी धरला. त्यांनी फुंकलं. डोळे मिटले. पुन्हा फुंकलं.

"बरोबर," ते म्हणाले.

चाळीस वर्षांत त्यांनी हा शब्द तिला उद्देशून उच्चारला नव्हता. तिनं मान वळवली आणि कार्बोरेटर बसवायला घेतला. एक स्क्रू दोनदा हातातून निसटला.

साडेतीनला किक मारली मधल्यानं. पहिल्या किकला नाही, दुसऱ्या किकला धरली. इंजिन गरम होईतो थोरलीनं एअर स्क्रू पाव आटा आत, पाव बाहेर असा शोधला. मग मधल्याला खूण केली. त्यानं भीतभीतच मूठ पिळली. अर्धी. पाऊण. पुरती. आवाज अडला नाही, तुटला नाही, एकाच धारेनं चढत गेला. शेडचा पत्रा थरथरला. मधला लहान मुलासारखा ओरडला. धाकट्यानं तिला मिठी मारली, शर्टाची पर्वा न करता. "ताई, तू ग्रेट आहेस!" बायकोनं तिच्या हातावर रॉकेल ओतलं आणि हळूच म्हणाली, "आता सोडू नका हां. वदवून घ्या त्यांच्याकडून."

थोरलीला वाटलं, बोलतील. शीळ ऐकलीय त्यांनी.

प्राचार्याबाई चारला पाच कमी असताना आल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, खरोखर भल्या वाटणाऱ्या बाई. वस्तादांसमोर स्टुलावर बसल्या, त्यांचे दोन्ही हात स्वतःच्या हातात घेतले. गाडीचा आवाज ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या वडिलांची गाडी म्हणे लहानपणी इथंच येत असे. मग त्यांनी पिशवीतून पाटीचा कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. "ज्यांनी चाळीस वर्षं, कोणत्याही यंत्राविना, केवळ आपल्या दोन हातांनी—"

त्या थांबल्या, कागद बाजूला ठेवला आणि वस्तादांचे हात पुन्हा धरले. "बरोबर आहे ना वस्ताद? काही बदलायचं असेल तर आत्ताच सांगा. सोमवारी पाटी लागेल."

इतकं उघडं दार आयुष्यात एखादवेळीच मिळतं. थोरली खुर्चीच्या मागं उभी होती. मधल्यानं बापाकडे पाहिलं. बायकोनं चहाचा ट्रे खाली ठेवला.

वस्तादांनी बाईंच्या हातातल्या आपल्या हातांकडे पाहिलं. बाईंनी घट्ट धरले होते म्हणून ते थरथरत नव्हते. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच स्थिर होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "हेच हात."

बाईंनी मान डोलावली. "आणि आता? आता कोण करतं हे बारीक काम?"

"मधला," वस्ताद म्हणाले, थोरलीकडे न बघता. "शिकवलंय त्याला. दुकान चालायला हवं ना."

ते वाक्य इतकं साधं होतं, इतकं बापाच्या काळजीचं होतं, की थोरलीला राग यायला थोडा वेळ लागला. येईपर्यंत तोंड उघडलेलंच होतं.

"बाई," ती म्हणाली, "ते हात माझे होते."

"म्हणजे?"

"चाळीस वर्षं कार्बोरेटर मी जुळवलेत. घरी. स्वयंपाकाच्या टेबलावर. हा आजचासुद्धा मीच. अर्ध्या तासापूर्वी."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मायेनं अगदी पाघळला. "किती गोड," त्या म्हणाल्या. "लेकी अशाच असतात हो. बापाचं काम आपलंच वाटतं त्यांना. मलाही असंच वाटायचं."

धाकटा ताबडतोब हसला. "आमची ताई लहानपणी बाबांना बॅटरी धरून उभी राहायची. तेव्हापासून ती अर्धी वस्ताद."

"बॅटरी नव्हे, ड्रिल," मधल्याची बायको ताडकन म्हणाली. "आत्ता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भोक पाडलंय त्यांनी. विचारा यांना!"

बाई जरा गोंधळल्या. मधल्याकडे वळल्या. "हो का?"

मधला. टेबल पाहिलेला, पिशवी पाहिलेला मधला. दोन तासांपूर्वी, कुणी विचारलेलं नसताना, बोललेला मधला. त्यानं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा शेडच्या दारावरच्या फळीकडे, जिच्यावर आता त्याचंही नाव होतं.

"ताईची मदत झाली आज," तो म्हणाला. "खूप मदत झाली." आणि बायकोला, "अगं चहा गार होतोय."

मदत. थोरलीनं हातावरचं रॉकेल कोपरापर्यंत पुसलं. तिला एकदम फार हलकं वाटलं, दात काढल्यावर वाटतं तसं. दुखणं गेलेलं नसतं, जागा मोकळी झालेली असते. बाईंच्या हातात कुणीतरी कप दिला. धाकटा फोटोसाठी सगळ्यांना उभं करायला लागला. "ताई, तू इकडे ये, बाबांच्या मागं. मागं म्हणजे दिसशील अशी."

"माझी बस आहे," ती म्हणाली.

वस्तादांनी तेव्हा मान वळवली. "चहा घेऊन जा."

"नको बाबा."

"रागावलीस?"

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. म्हातारा घाबरलेला होता. सिंहासनावर बसवलेला आणि उतरवतील म्हणून घाबरलेला. तिला वाटलं होतं, आज ती त्यांचा तिरस्कार करू शकेल. तेवढंही जमेना, आणि त्याचाच तिला सगळ्यांत जास्त राग आला.

"तुम्ही सांगीन म्हणाला होतात," ती एवढंच म्हणाली.

त्यांचे ओठ हलले. मग हळू, फक्त तिला ऐकू येईल असं, ते म्हणाले, "सांगितलं की मग माझं काय राहतं गं?"

यावर तिच्याकडे उत्तर होतं. माझं काय राहिलं, हे ते उत्तर. पण ते ज्याला विचारायचं त्याच्या मांडीवर शाल टाकून बाई तिची घडी नीट करत होत्या, म्हणून ती निघाली.

फाटकापाशी मधला धावत आला.

"ताई, थांब. ऐक ना. मी... तू बघितलंस ना बाबांकडे? कसं बोलणार मी? गिऱ्हाईक आधीच तुटलंय. आता शाळेचं नाव लागलं तर—"

"कळलं मला."

"नाही, तू रागावून जाऊ नकोस." त्यानं घसा साफ केला. "सोमवारी बाई म्हणतायत, मुलांसमोर कार्बोरेटर खोलून जुळवून दाखवा. शंभर मुलं असतील. मला ते भोकाचं... तुझ्यासारखं नाही गं जमणार. तू येशील का? नुसती शेजारी उभी राहा. हळूच सांगत राहा."

थोरलीनं त्याच्याकडे पाहिलं. तो गंभीरपणे विचारत होता. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, हीच तर पंचाईत होती. या घरात लबाड असं कुणी नव्हतंच. सगळे आपले नुसते गरजू.

"वहिनीला घेऊन जा," ती म्हणाली. "तिनं आज नीट बघितलंय. आणि तिला बोलताही येतं."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही. सोमवारी माझ्या दुकानात दोन मशीनं यायची आहेत. त्यांवर माझं नाव लिहिलेली चिठ्ठी असते."

"आणि पुढं? म्हणजे पुढं कधी पिशवी पाठवली तर?"

"नको पाठवूस."

त्यानं फाटक धरून ठेवलं होतं. तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली, लहानपणी रस्ता ओलांडल्यावर सोडवायची तशी, आणि कडी बाहेरून लावली.

ती कोपऱ्यापर्यंत गेली असेल नसेल, मागं इंजिन सुरू झालं. धाकटा चित्रीकरण करत असणार. ती चालत राहिली, पण कान मागंच राहिले. ते कधी तिचं ऐकत नसत. आधी संथ, जाड. मग मूठ पिळली. अर्धी. थोरलीची पावलं आपोआप मंदावली. तिच्या मनात आलं, निदान एकदा अडखळावं. बाईंसमोर, कॅमेऱ्यासमोर, एक खोकला, एक काळा पुंजका, म्हणजे सगळे वळून फाटकाकडे बघतील. तिनं अगदी मनापासून, हात जोडायचेच बाकी ठेवून, तसं मागितलं.

पाऊण. पुरती. आवाज घरांच्या भिंतींवरून वर चढत गेला, एकसंध, स्वच्छ, कुठंही न तुटता.

काम तिचं होतं. अडखळणार कसं?